आमची वाटचाल : वासांची वही

१९७४ साली वडिलांनी पुण्यातील एका पेठेत छोट्याशा गाळ्यात दुकान थाटले, तेव्हा त्यात तीन प्रकारचा माल होता : काष्ठौषधी, पूजेचे साहित्य आणि काचेच्या बुचांच्या लहान बाटल्यांतील अत्तरे. दिवाळीआधीचे पंधरा दिवस उटण्याचे, श्रावण-भाद्रपद धूप-उदबत्तीचे आणि लग्नसराई अत्तराची, असा वर्षाचा हिशेब ठरलेला असे. अत्तर घ्यायला कोणी आले की वडील काडीला लावलेला फाया मनगटाच्या मागच्या बाजूला टेकवीत आणि लगेच हुंगू देत नसत. "जरा थांबा, त्याला उमलू द्या," असे म्हणून ते गिऱ्हाइकाशी दुसरेच काही बोलत बसत. उधारीच्या वहीची मागची पाने त्यांनी वेगळ्या कामासाठी राखली होती. घाऊक बाजारातून आलेले प्रत्येक पोते उघडल्यावर ते त्या पानांवर एखादी ओळ लिहीत : "वाळा – या खेपेस मातकटपणा कमी, धुरकट जास्त." "नागरमोथा – कुबट, परत." "गवलाकचोरा – उत्तम, कापराची झाक." आमची आजची पेढी त्या मागच्या पानांवर उभी आहे अशी माझी धारणा आहे, म्हणून या लेखात उलाढालीपेक्षा त्या वहीविषयी अधिक लिहीत आहे.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन १९९६ मध्ये मी दुकानात बसू लागले. लवंगेचा वास युजेनॉलचा आणि गुलाबपाण्यातील गोडवा बहुतांशी फेनिल इथाइल अल्कोहोलचा, हे मला ठाऊक होते आणि त्याचा अभिमानही होता. वडिलांनी एकदा वाळ्याच्या दोन जुड्या पुढे ठेवून फरक विचारला, तेव्हा मला एकही शब्द सुचला नाही. एक "चांगला" आणि एक "कमी चांगला" एवढेच मी म्हणू शकले. त्यांनी न रागावता वही माझ्याकडे सरकवली आणि रोज पाच वासांवर पाच ओळी लिहायला सांगितले. ते काम मी तीन वर्षे केले.

त्याच काळात मी उत्तर प्रदेशातील कनौजला गेले. १९९१ मध्ये तेथे केंद्र सरकारच्या पुढाकाराने सुगंध व स्वाद विकास केंद्र सुरू झाले आहे, पण माझे खरे शिक्षण जुन्या कारखान्यांतील भट्ट्यांपाशी झाले. तांब्याच्या मोठ्या डेगेत फुले आणि पाणी घालून तिचे तोंड ओल्या मातीने लिंपतात, तिच्यातून निघालेली दोर गुंडाळलेली बांबूची नळी भपक्यात, म्हणजे वाफ निवून जमते त्या भांड्यात सोडतात आणि भपका थंड पाण्याच्या टाक्यात बसवतात. भपक्यात आधीपासून चंदनतेल असते, वाफेबरोबर आलेला फुलांचा गंध ते धरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी त्याच तेलावर नव्या फुलांची वाफ येते. असे दिवसामागून दिवस चालते. आच किती, टाक्यातले पाणी कधी बदलायचे, भपका कधी काढायचा हे सारे कारागीर हाताने चाचपून आणि नळीच्या सांध्याशी नाक नेऊन ठरवतात. एका वृद्ध कारागिरांनी मला सांगितले की आधी गुलाब "कच्चा" येतो, मग "पिकतो" आणि आच वाढली तर "जळतो". फळांसाठी वापरायचे हे शब्द वाफेला लावलेले ऐकले आणि वडिलांची वही काय आहे ते मला प्रथमच नीट कळले. कनौजच्या अत्तराला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्या कारागिरांची फार आठवण झाली.

व्यवसायातील आमचे सर्वांत मोठे नुकसान चंदनतेलात झाले. चंदन दुर्मीळ होत गेले, भाव चढत गेले, आणि कनौजमध्येही अनेकांनी चंदनतेलाच्या जागी लिक्विड पॅराफिन वापरायला सुरुवात केली. २००४ मध्ये एका पुरवठादाराकडून आम्ही त्या वर्षीची सारी बचत घालून तेल घेतले. डबा उघडल्यावर वडिलांनी वहीत लिहिले : "वरून ठीक. तळ नाही." मी त्यांचे न ऐकता तेल वापरले, कारण कागदपत्रे बरोबर होती. तीन महिन्यांत गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या की हीना अत्तर संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मग प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. भारतीय चंदनतेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याचे मुख्य गंधघटक, अल्फा-सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असायला हवे, आणि आमच्या तेलात दोन्ही निम्म्याहून कमी निघाले. तो माल आम्ही बाजारातून परत घेतला, पैसे परत केले आणि पुढची दोन वर्षे उटण्याच्या आणि धुपाच्या जोरावर काढली. तेव्हापासून प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी होते, पण वहीतील ओळ तिच्या आधी लिहिली जाते आणि ओळ वाईट असेल तर तपासणीचा खर्चसुद्धा करत नाही.

वासाला शब्द का सुचत नाहीत, याचे कुतूहल मला पुढे स्वस्थ बसू देईना. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये गंध ओळखणाऱ्या ग्राहींची (नाकातील पेशींवरील, गंधाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांची) जनुके शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशा ग्राहींचे सुमारे ४०० प्रकार काम करतात, एकाच रेणूने त्यांतले अनेक ग्राही जागे होतात आणि त्यांच्या जुळणीवरून मेंदू वास ओळखतो. इतर इंद्रियांचे संदेश मेंदूतील थॅलॅमस या ठाण्यावरून पुढे जातात, गंधाचा संदेश मात्र तेथे न थांबता भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांपाशी पोहोचतो. बकुळीच्या वाळक्या माळेने आजोळची ओसरी डोळ्यांपुढे उभी राहते आणि फुलाचे नाव नंतर आठवते, ते यामुळे असावे असे मला वाटते. तरी भाषेला हे काम जमतच नाही असे नाही. मलाय द्वीपकल्पातील जहाय लोकांच्या भाषेत वासांसाठी स्वतंत्र शब्द आहेत आणि ते वासाचे वर्णन रंगाइतक्याच सहजतेने करतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. हे वाचल्यावर मी आपल्या घरातले शब्द गोळा करू लागले : खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, कोंदट, आंबूस, ओशट, उग्र, दर्प, भपकारा, दरवळ, घमघमाट. बिनकल्हईच्या पितळी भांड्यातले ताक 'कळकते', आणि धातूशी गाठ पडून बिघडलेला तो वास एका क्रियापदात सांगणारी भाषा गरीब म्हणता येणार नाही. आमच्या वहीत आज असे १४० शब्द आहेत आणि नव्या माणसाला बाटल्यांना हात लावण्याआधी ते शिकवले जातात.

दुकानात नेहमी येणाऱ्या एका संस्कृतच्या अध्यापकांनी एकदा ही वही चाळली आणि मला गंगाधराच्या 'गंधसार' या ग्रंथाविषयी सांगितले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आयुष्य वेचलेल्या प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचे हस्तलिखित अभ्यासकांपुढे आणले आणि १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने तो प्रसिद्ध केला. त्याच खंडात 'गंधवाद' नावाचा दुसरा ग्रंथ आहे, आणि त्यावरील टीका, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारे विवरण, मराठीत आहे. ते पुस्तक हातात घेतले तो दिवस मी विसरणार नाही. सुगंध कसा सिद्ध करावा हे कोणीतरी शतकांपूर्वी मराठीत समजावून सांगितले होते, आणि मी मात्र माझ्या धंद्याचे शब्द फ्रेंच आणि इंग्रजीत शोधत होते! गंधसारात भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. चूर्णाला द्रवाची पुटे देणे म्हणजे भावन, धुरी देणे म्हणजे धूपन आणि फुलांच्या सहवासाने सुगंधित करणे म्हणजे वासन. उटण्यातील चंदनपुडीला वडील गुलाबपाण्याच्या 'भावना' देत, तोच हा शब्द. त्याहूनही जुना, सहाव्या शतकातील वराहमिहिर 'बृहत्संहिते'त सोळा द्रव्ये घेऊन, त्यांतील चार-चार निवडून आणि प्रमाणे बदलून १,७४,७२० सुगंध होतात असे गणित मांडतो. माझ्या मांडणीवर साठेक द्रव्ये आहेत. काय मिसळले आणि काय घडले हे लिहून ठेवल्यावाचून या रानात वाट सापडणार नाही, हे त्या आकड्याने मला पटवून दिले.

२०१२ पासून आम्ही स्वतःच्या रचना करू लागलो. पहिली अर्थातच मृद्गंधाची. कनौजमध्ये तलावाची सुकलेली माती भाजून, डेगेत घालून मिट्टी अत्तर पूर्वीपासून काढतात. १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्या गंधाला 'पेट्रिकोर' असे नाव दिले, तेव्हा त्यांनी या भारतीय अत्तराचा उल्लेख केला होता. मातीतील सूक्ष्मजीव तयार करतात तो जिओस्मिन हा रेणू मला वेगळा वापरायचा होता. पहिल्या प्रयोगात तो किंचित जास्त पडला आणि बाटलीतून बिटाचा आणि बंद तळघराचा वास येऊ लागला. मराठवाड्यात वाढलेल्या आमच्या एका सहकारी ताईंनी वहीत लिहिले : "पाऊस पडून चार दिवस झाले." यापेक्षा अचूक टीका मला कोणी केलेली नाही. जिओस्मिन आम्ही हजारपट सौम्य केले, वाळ्याचा तळ दिला, वर तापल्या दगडाचा कोरडेपणा यावा म्हणून फार खटपट केली, आणि एकोणतिसाव्या प्रयोगाला त्याच ताईंनी "पहिली सर" असे लिहिले. तेच त्या अत्तराचे नाव ठरले.

आरोग्याशी आमचा संबंध २०२१ मध्ये आला. कोविडनंतर वास गेलेली माणसे दुकानात येऊन बाटल्या हुंगून पाहू लागली. विषाणूचा मोठा आघात गंधपेशींना आधार देणाऱ्या पेशींवर होतो आणि गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, त्यामुळे बहुतेकांना आशा असते, असे ओळखीच्या कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरांनी समजावले. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेल्या सरावाची पद्धतही त्यांनीच सांगितली : गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, बारा आठवडे, मन लावून हुंगायचे. हे चारही आमच्या दुकानात १९७४ पासून होते. आम्ही त्यांचे संच करून खरेदीच्या भावात दिले आणि प्रत्येक संचाबरोबर एक कोरी वही दिली, कारण "काही नाही" आणि "काहीतरी आहे पण काय ते कळत नाही" यांतला फरक लिहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. एका निवृत्त शिक्षकांना नवव्या आठवड्यात चहा जळक्या रबरासारखा येऊ लागला आणि ते घाबरले. वास परतताना असा विपर्यास होऊ शकतो हे डॉक्टरांनी त्यांना सांगितले आणि त्यांनी सराव सोडला नाही. एका गृहिणींना गॅसची गळती कळली नव्हती, त्यांच्या घरी सुदैवाने मुलगा होता. आम्ही उपचार करत नाही आणि बरे होण्याची हमी देत नाही, हे संचावर ठळक छापले आहे. वास हळूहळू मंदावत गेल्याचे कोणी सांगितले की आम्ही माल विकण्याआधी डॉक्टरांकडे जायला सुचवतो, कारण नाक चोंदण्यापासून पार्किन्सनच्या फार आधीच्या लक्षणापर्यंत त्याची अनेक कारणे असू शकतात.

नैसर्गिक म्हणून निर्धोक, असे आमच्या दुकानात कोणी म्हणत नाही. लिमोनीन आणि लिनॅलूल हे अनेक नैसर्गिक तेलांतील गंधघटक जुने होऊन हवेशी संयोग पावले की त्वचेला त्रास देऊ शकतात, म्हणून प्रत्येक बाटलीवर भरल्याची तारीख असते आणि तान्ह्या बाळासाठी आम्ही अत्तर देत नाही.

आज पेढीत आम्ही सात जण आहोत. वडील २०१८ मध्ये गेले. सध्या काम चालू आहे ते सुरंगी या सुगंधी फुलावर. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या परिसरात उन्हाळ्याच्या तोंडावर कळ्या फुलण्याआधी पहाटे झाडावर चढून तोडाव्या लागतात आणि पुण्यात येईपर्यंत त्यांचा मूळ वास उरत नाही. गेल्या हंगामात लहान डेग गाडीत घालून मी तिकडेच गेले, एका बागायतदारांच्या अंगणात भट्टी लावली आणि चार दिवस ऊर्ध्वपातन केले. वहीतील नोंद अशी आहे : "दिवस पहिला – कच्चा, हिरवट. दुसरा – मधाचा दरवळ, थोडा आंबूस. तिसरा – पिकला. चौथा – आच वाढली, जळला." येत्या फेब्रुवारीत तिसऱ्या दिवशी थांबणार आहे.