मोराच्या चादरीनं अडकवलेला प्रोग्रॅम : नोंद सहावी

मागच्या नोंदीत तोऱ्यात लिहिलं होतं की माझ्या प्रोग्रॅममध्ये चादरीचं चित्र दाखवणं आणि त्यावरून जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) भोकं पाडलेल्या पंचकार्डांचा नकाशा काढणं ही कामं आता दोन वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्यांवर, चालतात. रविवारी तोंडावर पडलो. मोराची नक्षी उघडली, नकाशा निम्मा झाला आणि खिडकी जी गोठली ती गोठलीच.

हात सवयीनं प्रोग्रॅम जबरदस्तीनं मारणाऱ्या 'किल -९'कडे गेला, पण आवरला. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) मेली की पुरावाही गेला. चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या 'टॉप'मध्ये सीपीयू शून्य, स्थिती 'एस', म्हणजे झोपलेला. म्हणजे लूपमध्ये गरगरत नव्हता, कशाची तरी वाट बघत झोपला होता. लूप असता तर 'आर' (चालू) दिसला असता आणि लॅपटॉपचा पंखा बोंबलला असता. 'डी' (उठवता न येणारी झोप) नव्हता हे नशीब, तिथं 'किल -९'सुद्धा चालत नाही.

प्रोग्रॅम कर्नलकडे (सिस्टिमच्या गाभ्याकडे) काय मागतोय ते दाखवणारं 'एस-ट्रेस' लावायला गेलो तर परवानगी नाही! उबुंटू लिनक्समध्ये 'पीट्रेस-स्कोप' ही सुरक्षेची सेटिंग १ असते, दुसऱ्या टर्मिनलमधून आपल्याच प्रोसेसला हात लावता येत नाही. 'सुडो' देऊन प्रशासकाचे अधिकार घेतले. एकच ओळ आली, फ्यूटेक्स-वेट (लॉक सुटायची वाट बघणं), पुढं शुकशुकाट. सगळे थ्रेड दाखवणारा '-एफ' द्यायला विसरलो होतो, त्यामुळं नुसता मुख्य थ्रेड दिसत होता. दिल्यावर दुसराही फ्यूटेक्सवरच बसलेला.

मग चालू प्रोग्रॅमच्या आत डोकावणारा डीबगर 'जीडीबी -पी' आणि प्रत्येक थ्रेड कुठं आहे ते सांगणारं 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी'. '-जी' लावून कंपाइल केलं होतं म्हणून फंक्शनांच्या नावांसोबत कोडच्या ओळीसुद्धा मिळाल्या. दोघंही म्यूटेक्स-लॉकमध्ये, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला मिळणाऱ्या कुलपापाशी. चित्राच्या म्यूटेक्सचा 'ओनर' (तो धरून बसलेला थ्रेड) छापला तर मुख्य थ्रेडचा नंबर, नकाशाच्या म्यूटेक्सचा छापला तर दुसऱ्याचा. मुख्य थ्रेडला हवा होता नकाशा, दुसऱ्याला चित्र.

तेवढ्यात अप्पा डोकावले. तीस वर्षं माग चालवलेला माणूस. "कुठला धागा तुटला?"

"तुटला नाही अप्पा, दोन धागे एकमेकांत अडकलेत."

"मग एक सोड की."

जवळपास तेच केलं. आता दोन्ही थ्रेड एकाच क्रमानं, आधी चित्राचं लॉक घेतात, मग नकाशाचं. ते मिळेपर्यंत दुसऱ्याला थांबावंच लागतं, पण अडकत नाही. मोर सलग दोनशे वेळा उघडला, एकदाही गोठला नाही. फक्त झूम करताना चित्र हिसके देतंय, कारण नकाशावाला चित्राचं लॉक फार वेळ धरून बसतो. पुढच्या रविवारी त्याच्या हातात चित्राची प्रत देऊन बघणार आहे.