एका फीडरचा हिशेब

अमेरिकेत घरापर्यंत येणाऱ्या विजेच्या तारांचं नियोजन हा राज्यांचा विषय आहे. 1935 च्या फेडरल पॉवर अ‍ॅक्टने राज्याराज्यांमधली घाऊक वीज आणि पारेषण केंद्राकडे दिलं, स्थानिक वितरण मात्र राज्यांकडेच ठेवलं. मी मिडवेस्टमधल्या एका राज्याच्या नियामक आयोगात तांत्रिक विभागात काम करते. आपल्याकडे राज्य वीज नियामक आयोग असतो, साधारण तेच काम. कंपनीने मागितलेला खर्च योग्य आहे का हे तपासायचं आणि आयोगाला शिफारस द्यायची. राज्याचं आणि कंपनीचं नाव इथे देत नाही.

त्या दिवशी कंपनीच्या पाच वर्षांच्या वितरण आराखड्यावर तांत्रिक बैठक होती. ही शपथेवर चालणारी सुनावणी नसते. उलटतपासणी नाही, वकील मागच्या रांगेत बसतात आणि इंजिनिअर एकमेकांशी मोकळेपणाने बोलू शकतात. मला हा प्रकार फार मोलाचा वाटतो, कारण सुनावणीत जे कधीच बाहेर येत नाही ते इथे सहज बाहेर येतं.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटून दुसरा विषय एका शाळा मंडळाच्या अर्जाचा होता. हायस्कूलच्या छतावर आणि पार्किंगच्या शेडवर मिळून 600 किलोवॅटचं सौर संयंत्र बसवायचं होतं. कंपनीने अर्ज थेट नाकारला नव्हता, पण सबस्टेशनमधली संरक्षण यंत्रणा बदलावी लागेल आणि तो खर्च मंडळाने द्यावा असं कळवलं होतं. आकडा होता साडेचार लाख डॉलर. एवढ्या पैशात प्रकल्प बसत नव्हता. मंडळाच्या हिशेब बघणाऱ्या बाई सकाळपासून येऊन बसल्या होत्या. त्यांचा एकच प्रश्न होता, "आमच्या फीडरवर जागा नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. फीडर म्हणजे सबस्टेशनमधून निघून एखाद्या भागाला वीज पुरवणारी लाइन. 12.47 केव्हीचा तो फीडर. त्याचा पीक लोड, म्हणजे वर्षातली सगळ्यात जास्त मागणी, 7 मेगावॅट, जुलैच्या संध्याकाळची. पहिली चाळणी 15 टक्क्यांची असते: फीडरवरची एकूण निर्मिती वार्षिक पीकच्या 15 टक्क्यांच्या आत असेल तर अर्ज सरळ पुढे जातो. हा नियम कॅलिफोर्नियाच्या रूल 21 मधून, म्हणजे तिथल्या जोडणीच्या नियमांतून आला, 2005 मध्ये केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने तो आपल्या नमुना प्रक्रियेत घेतला आणि पुढे बहुतेक राज्यांनी उचलला. त्यामागचा विचार साधा होता. किमान लोड पीकच्या साधारण 30 टक्के असतो असं धरायचं आणि सुरक्षिततेसाठी त्याचं निम्मं घ्यायचं. इथे 15 टक्के म्हणजे 1.05 मेगावॅट. फीडरवर आधीच 0.9 मेगावॅट सौर होतं. शाळेचं धरून दीड. पहिल्या चाळणीत अर्ज अडकला.

दुसरी चाळणी 2013 मध्ये त्याच केंद्रीय आयोगाच्या आदेश 792 ने आली आणि आमच्या राज्यानेही ती घेतली आहे. तिच्यात दिवसाउजेडीचा किमान लोड बघतात. स्थिर सौर पॅनेलसाठी सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळातला सगळ्यात कमी लोड काढायचा. एकूण निर्मिती त्याच्या आत असेल तर वीज फीडरवरच खपते, उलटी सबस्टेशनकडे जात नाही, म्हणून तिथली संरक्षण यंत्रणा बदलायचं कारण उरत नाही. पण त्यासाठी तो किमान लोड माहीत हवा. या सबस्टेशनात तासातासाची नोंद नव्हती. होता तो फक्त कमाल करंट दाखवणारा जुना मीटर. मग कंपनीने पीकच्या 20 टक्के असा अंदाज धरला: 1.4 मेगावॅट. दीड त्यापेक्षा जास्त, म्हणून सविस्तर अभ्यास आणि साडेचार लाखांचं पत्र.

वर्षानुवर्षं वितरणाचं नियोजन पीकवरच चालत आलं. वर्षातल्या सगळ्यात गरम संध्याकाळी तार तापून खाली येणार नाही ना, एवढं बघितलं की झालं. किमान लोडशी कुणाचं काही अडत नव्हतं, म्हणून तो कुणी मोजलाच नाही. छतांवर सौर पॅनेल आल्यावर एप्रिलमधल्या रविवारची दुपार जुलैच्या संध्याकाळइतकीच महत्त्वाची झाली. हवाईला हे सगळ्यात आधी भोगावं लागलं. 2013 मध्ये तिथे अनेक फीडरवर सौर क्षमता दिवसाच्या किमान लोडच्या वर गेली, हजारो अर्ज अडकले, आणि ऑक्टोबर 2015 मध्ये तिथल्या आयोगाने नव्या ग्राहकांसाठी नेट मीटरिंगच, म्हणजे छतावरची जास्तीची वीज बिलातून वळती करून देण्याची सोयच, बंद केलं.

आमच्या राज्यात जवळजवळ सगळीकडे स्मार्ट मीटर लागले आहेत. त्यांचे पैसे ग्राहकांच्या बिलांतून गेले आहेत. तासातासाची नोंद त्यात असते, पण ती जाते बिलिंग विभागाकडे. प्लॅनिंग विभाग ती वापरत नव्हता. मला याचा खरोखर राग येतो. ग्राहकाने ज्या मोजमापाचे पैसे भरले, त्याच मोजमापाच्या अभावी त्याचा अर्ज अडावा हे मला मान्य नाही. म्हणून आम्ही या फीडरवरच्या सगळ्या मीटरांच्या वर्षभराच्या नोंदींची बेरीज मागितली होती. ती फाइल त्या दिवशी सकाळी आली.

बेरीज आली ती अर्जाच्या विरोधात. एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी एक वाजता मीटरांमधून 0.6 मेगावॅट निव्वळ खप दिसत होता. त्या वेळी छतांवरची निर्मिती 0.8 धरली, म्हणजे खरा लोड 1.4. कंपनीच्या अंदाजाशी अगदी तंतोतंत. त्यांच्या प्लॅनिंग इंजिनिअरने काहीही बोलून दाखवलं नाही, पण बाईंनी समोरचे कागद गोळा करायला सुरुवात केली होती.

मला मात्र एक गोष्ट बघायची होती. किमान जुळला म्हणून भागत नाही, पीकही जुळला पाहिजे. जुलैच्या त्या संध्याकाळची मीटरांची बेरीज काढायला सांगितली. ती आली 5.9 मेगावॅट. तारांमधली गळती धरून 6.1. सबस्टेशनचा मीटर म्हणतो 7. जवळजवळ एक मेगावॅटचा पत्ता नाही.

एवढी चोरी होत नाही आणि एवढी गळतीही होत नाही. प्लॅनिंग इंजिनिअरने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि आम्ही दोघं फीडरचा नकाशा रस्त्यारस्त्याने बघत गेलो. कोणता ग्राहक कोणत्या फीडरवर आहे हे त्या नकाशावरूनच ठरतं. नकाशात चूक काही दिसेना.

मागे लाइन विभागाचा फोरमन बसला होता. तो आला होता खांब बदलण्याच्या खर्चावरच्या प्रश्नांसाठी. तो उठून पडद्याजवळ आला, दोन फीडर जिथे एकमेकांना भेटतात त्या स्विचवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा इथे उघडा दाखवलाय, म्हणजे तार तोडलेली. प्रत्यक्षात हा बंद आहे, म्हणजे जोडलेला. वादळात पलीकडच्या रस्त्यावरचे खांब पडले तेव्हा आम्ही पाणी शुद्धीकरण केंद्र या बाजूला घेतलं. इकडची तार नवी आहे, व्होल्टेज चांगलं मिळतं. परत फिरवलंच नाही."

पाणी शुद्धीकरण केंद्राचे पंप दिवसरात्र चालतात. त्यांचा लोड 0.9 मेगावॅट, जुलैत तेवढाच आणि एप्रिलच्या रविवारीही तेवढाच. कागदावर ते शेजारच्या फीडरवर होतं, प्रत्यक्षात या फीडरवर. ते धरलं की पीक जुळला, आणि दिवसाचा किमान लोड 1.4 चा 2.3 झाला. शाळेचं संयंत्र धरूनही निर्मिती दीड मेगावॅट. भर उन्हात, सगळ्यात कमी खपाच्या दिवशीही वीज उलटी जात नव्हती. साडेचार लाखांची गरज नव्हती.

खोलीत बोलणं एकदम वाढलं. पण मला त्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीने धरून ठेवलं. मी आराखड्यातलं त्या फीडरचं पान उघडलं. तिथे तीन वर्षांपूर्वीपासून लोड वाढताना दाखवला होता, आणि त्या वाढीच्या आधारावर तार जाड करण्याचं काम चौथ्या वर्षात धरलेलं होतं. शेजारच्या फीडरच्या पानावर त्याच वर्षापासून लोड घटलेला, आणि कारणाच्या रकान्यात 'ऊर्जा बचत'. वाढ नव्हती आणि बचतही नव्हती. एक स्विच फिरला होता, एवढंच.

कंपनीचे इंजिनिअर अप्रामाणिक होते असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांच्यापुढे आकडे आले, त्यांनी रेषा पुढे ओढली. पण खासगी वितरण कंपनीला भांडवली खर्चावर परतावा मिळतो. नवी तार, नवा ट्रान्सफॉर्मर यात तिची कमाई आहे, जुन्या नोंदी दुरुस्त करण्यात नाही. अशा व्यवस्थेत चुकीची वाढ लवकर पकडली जात नाही. पूर्वी आयोग हे दरवाढीच्या अर्जात बघायचा, म्हणजे काम होऊन गेल्यावर. तेव्हा फार तर काही रक्कम नामंजूर करता येते, तार मात्र टाकून झालेली असते. राज्यं आता आराखडा आधी मागतात ते यासाठीच.

मागण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या आहेत. कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये कायदाच केला आणि कंपन्यांना कोणत्या तारेवर किती जागा आहे याचे नकाशे जाहीर करायला लावले. न्यू यॉर्कने 2014 मध्ये कंपन्यांच्या कमाईची रीतच बदलायला घेतली. ब्रुकलिन-क्वीन्समध्ये 120 कोटी डॉलरच्या घरातलं सबस्टेशन पुढे ढकलण्यासाठी तिथल्या आयोगाने 20 कोटींचा कार्यक्रम मंजूर केला. वीजबचत, बॅटरी, असं सगळं त्यात होतं. मिनेसोटाच्या आयोगाने 2018 मध्ये आदेश काढून एकात्मिक वितरण आराखड्याची चौकट ठरवली. ओरेगॉनने वस्त्यांमधल्या लोकांशी बोलणं हा आराखड्याचाच भाग केला. इलिनॉयने 2021 च्या कायद्याखाली आलेले दोन मोठ्या कंपन्यांचे आराखडे डिसेंबर 2023 मध्ये सरळ परत पाठवले. मला हे पाऊल धाडसाचं आणि योग्य वाटतं. तरी त्या दिवशी एक सल्लागार पुन्हा पुन्हा "कॅलिफोर्नियासारखे नकाशे करा" म्हणत होते, तेव्हा मला बोलावं लागलं. नकाशा कितीही रंगीत असला तरी स्विच उघडा की बंद हे त्यात चुकलं असेल तर तो नकाशा लोकांचं नुकसान करतो.

आणि नुकसान इथे दुसऱ्या बाजूला होतंच. शेजारच्या फीडरवरून 0.9 मेगावॅट कायमचा लोड निघून गेला होता. कंपनीच्या नकाशावर तो फीडर हिरवा होता, जागा आहे म्हणून. तिथे एक सामुदायिक सौर प्रकल्प रांगेत होता, ज्यात भाड्याच्या घरांत राहणारी, स्वतःचं छत नसलेली कुटुंबं हिस्सा घेणार होती. त्या हिरव्या रंगावर विसंबून त्यांनी जमिनीचा करार केला होता. त्यांच्या वतीने त्या खोलीत कुणीही नव्हतं. दुपारनंतर मी त्यांच्या प्रतिनिधीला फोन केला. तुमचा अभ्यास नव्याने करावा लागेल हे सांगणं फार जड गेलं, पण दोन महिन्यांनी पत्रातून कळण्यापेक्षा त्याच दिवशी कळणं हा त्यांचा हक्क होता.

बेरीज जाहीर करायची की नाही यावर बैठकीचा शेवटचा तास गेला. बऱ्याच राज्यांत 15/15 चा नियम आहे: बेरजेत किमान 15 ग्राहक हवेत आणि कुणा एकाचा वाटा 15 टक्क्यांहून जास्त नको. म्हणजे एखाद्याचा खप ओळखता येत नाही. पाणी केंद्राचा वाटा त्याहून खूप जास्त होता. नियम चांगला आहे, तो मोडावा असं मला वाटत नाही. शेवटी केंद्र चालवणाऱ्या नगरपालिकेची लेखी संमती घ्यायचं ठरलं आणि ती मिळाली.

आमच्या शिफारशीत मी तीन गोष्टी लिहिल्या. आराखड्यातल्या प्रत्येक फीडरपुढे किमान लोड मोजलेला आहे की अंदाजे, हे लिहावं. मीटरांची बेरीज आणि सबस्टेशनचा आकडा वर्षातून एकदा ताडून बघावा, आणि फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर त्या फीडरवर भांडवली काम सुचवण्याआधी जागेवर जाऊन स्विच तपासावेत. आणि लाइन विभागाने तात्पुरता फिरवलेला प्रत्येक स्विच ठरलेल्या मुदतीत नकाशावर यावा. तिसरी गोष्ट फोरमनने सुचवली होती, शिफारशीत तसा उल्लेखही केला. आयोगाने तिन्ही मान्य केल्या. तार जाड करण्याचं काम आराखड्यातून निघालं.

शाळेचं संयंत्र आता चालू आहे. सामुदायिक प्रकल्पाला इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पॅनेलची वीज तारांना जुळवून देणाऱ्या यंत्रात, निर्यातीची मर्यादा घालून कमी क्षमतेने जोडणी मिळू शकेल असं नव्या अभ्यासात निघालं आहे. आयईईई 1547 या जोडणीच्या तांत्रिक मानकाच्या 2018 च्या आवृत्तीनंतरचे इन्व्हर्टर व्होल्टेजही सांभाळून घेतात, त्याचा तिथे उपयोग होईल. कुटुंबांचा हिस्सा त्यामुळे किती कमी होतो याचा हिशेब अजून चालू आहे. कंपनीचा पुढचा आराखडा आला आहे. फीडरांच्या यादीत नवा रकाना आहे, आणि बहुतेक ओळींपुढे अजून 'अंदाजे' असंच लिहिलेलं आहे. ते कधी आणि कोणत्या क्रमाने मोजून होणार, याचं वेळापत्रक मी कंपनीकडे मागितलं आहे.