आठशेचं मागचं सस्पेन्शन : तिसरा रविवार

दोन रविवार हटून बसलेला डाव्या ट्रेलिंग आर्मचा (एक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, बॉडीला धरून ठेवणाऱ्या लांब दांडीचा) पुढचा बोल्ट काल एकदाचा निघाला. निघाला म्हणजे, कापला.

गाडी १९९८ची मारुती ८००, मुक्काम चिपळूण. एवढे पावसाळे खाल्ल्यावर खालच्या बाजूचं काय होतं ते कोकणातल्यांना सांगायला नको. मागचे दोन्ही स्प्रिंग, दोन्ही शॉक (उसळी जिरवणारे शॉक अॅब्सॉर्बर), ट्रेलिंग आर्मचे चार बुश (सांध्यातली रबरी नळकांडी) आणि एक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या लॅटरल रॉडचे दोन, एवढं सगळं बदलतोय. मागे दोघं जण बसले की गाडी ढुंगण टेकल्यासारखी दिसायची. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला तर डावीकडे २९.५ सेंमी, उजवीकडे ३०.५.

सुरुवातीची तयारी तीच. मागची चाकं उचलायची म्हणजे हँडब्रेकचा उपयोग शून्य, कारण तो मागच्याच चाकांना लागतो. पण ८००चा ड्राइव्ह पुढच्या चाकांना, म्हणून पहिला गिअर टाकला आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले. मग बॉडीखाली घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू. बाबा टॉर्च धरून उभे होते, त्यांनी सुचवलं, ‘‘अरे, दोन चिरे घाल की खाली, अंगणात पडलेत एवढे.’’ बाबा, चिरा बांधकामाला उत्तम, पण गाडीखाली कधी फुटेल नेम नाही. तुम्हीही घालू नका.

बोल्टचं दुखणं असं, की नट आरामात सुटतो आणि बोल्ट मात्र बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला असतो. पाना लावला की बोल्टबरोबर नळीही फिरते, रबर पिळतं, हात सोडला की सगळं परत जागच्या जागी. स्प्रे मारून आठवडाभर ठेवला, हातोड्याने ठोकला, टॉमीला (पान्याच्या दांड्याला) पाइप लावून लटकलो. ढिम्म. शेवटी ब्रॅकेट आणि बुश यांच्या फटीत हॅक्सॉचं नुसतं पातं घालून दोन्ही बाजूंनी कापला. दोन पाती आणि सव्वा तास. ग्राइंडर होता, पण शेजारूनच ब्रेकची नळी जाते, म्हणून हात आवरला.

जुने बुश घरच्या व्हाइसवर निघेनात, तेव्हा आर्म लेथवाल्याकडे नेले. त्याने प्रेसवर दहा मिनिटांत काढून नवे बसवून दिले. हे आधीच करायला हवं होतं.

स्प्रिंगचं काम त्यामानाने किरकोळ. एक्सल जॅकवर धरून शॉकचे खालचे बोल्ट काढले आणि जॅक हळूहळू खाली घेतला. स्प्रिंग हाताने निघाले. नजर फक्त ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) ठेवायची, एक्सलचा भार त्याच्यावर यायला नको. नवा स्प्रिंग बसवताना तारेचं टोक खालच्या सीटच्या, म्हणजे स्प्रिंग बसते त्या वाटीच्या, खाचेत टेकलं पाहिजे. माझं डावीकडचं टेकलं नव्हतं, म्हणून परत उतरवलं.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांपूर्वी हेच बुश मीच बदलले होते आणि आठ महिन्यांत फाटले. तेव्हा मालाला शिव्या घातल्या. चूक माझी होती. या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते घसरत नाही, फक्त पिळतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये पक्की होते. मी एक्सल हवेत लोंबकळत असताना सगळं करकचून आवळलं होतं. गाडी जमिनीवर आली आणि रबर जे पिळलं ते कायमचं. वर आपले खड्डे.

या वेळी सगळे बोल्ट सैलच ठेवले. चाकं लावली, चाकांखाली जाड फळ्यांची रुंद थप्पी घातली, गाडी तिच्यावर उतरवली, मागचा बंपर चार-पाच वेळा दाबून सोडला आणि मग खाली सरपटत जाऊन आर्म आणि रॉडचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळले. जागा इतकी कमी की रेंच एका वेळी एकच खटका फिरतो. पाठीचं भजं झालं.

टेप पुन्हा लावला : डावीकडे ३२.५, उजवीकडे ३२.७. बहादूरशेख नाक्यापर्यंत जाऊन आलो. गतिरोधकावरचा ‘खडाक’ गेला. उजव्या बाजूने बारीक किरकिर येतेय, बहुधा शॉकच्या वरच्या रबराची. दोनशे किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा तपासेन, तेव्हा तीही बघतो.