खानापुरात घरपोच किराण्याचे काम : नावाच्या पडताळणीत अडकलेला अर्ज

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापुरात अ‍ॅपवरून मागवलेला किराणा घरपोच पोहोचवण्याचे काम मी आता नियमित करते; पण ते हाती येण्याआधी माझा अर्ज कंपनीच्या कागदपत्र पडताळणीत ज्या रीतीने अडवून ठेवला गेला, त्याचा संताप अजून पुरता शमलेला नाही. महाराष्ट्रातल्या चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडून लग्न होऊन इकडे आलेल्या इतर मुलींनाही हीच अडचण येणार याची मला खात्री आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

अ‍ॅप उतरवून घेणे, मोबाईल क्रमांक नोंदवणे, के.ए. 22 क्रमांकाच्या आमच्या स्कूटरचे नोंदणीपत्र व विमा जोडणे ही कामे एका बैठकीत झाली. स्कूटर यजमानांच्या नावावर असल्याने काही बिघडले नाही. बँक खाते तपासण्यासाठी कंपनी खात्यावर एक रुपया पाठवते आणि बँकेकडून कळलेले खातेदाराचे नाव अर्जातील नावाशी ताडून पाहते. माझे खाते लग्नानंतर आधारवरूनच उघडलेले होते, त्यामुळे तेही जुळले.

अडले ते पुढे. माझ्या आधारवर सासरचे नाव आणि खानापूरचा पत्ता आहे. पॅनवर माहेरचे नाव होते. वाहन परवाना कोल्हापूरचा, एम.एच. 09 मालिकेतला, त्यावरही माहेरचेच नाव आणि चंदगड तालुक्यातला पत्ता. तिन्ही कागद खरे, तिन्हींवरची जन्मतारीख एकच, आणि दोन नावांना जोडणारा विवाह नोंदणीचा दाखला माझ्या हातात होता. परंतु अ‍ॅपमध्ये तो जोडायला जागाच नव्हती. आधार, पॅन आणि परवाना एवढ्याच तीन चौकटी, आणि त्यांच्या खाली ‘पडताळणी अयशस्वी, कागदपत्रे पुन्हा जोडा’ हे एकच वाक्य. कोणता कागद नाकारला आणि कशासाठी, याचा खुलासा कुठेही नाही. पुन्हा जोडले की अर्ज रांगेच्या शेवटी जातो, आणि काही दिवसांनी तेच वाक्य परत येते. मदतीच्या क्रमांकावर आधी यंत्राचा आवाज ऐकावा लागतो, आणि संदेश पाठवावा तर ठरलेली वाक्ये इंग्रजीत उत्तर म्हणून येतात, ज्यांचा माझ्या प्रश्नाशी काही संबंध नसतो.

बऱ्याच खटपटीनंतर फोनवर एक माणूस भेटला आणि त्याने परवाना दुसऱ्या राज्याचा असल्याने चालणार नाही, असे ठामपणे सांगितले. हे साफ चूक आहे. मोटार वाहन कायदा 1988 सालचा आणि केंद्राचा आहे, आणि त्याखाली एका राज्यात मिळालेला परवाना देशभर चालतो. मला सर्वांत जास्त राग या उत्तराचा आला, कारण आमच्या सीमाभागात सोयरिकी राज्याची हद्द पाहून ठरत नाहीत. अर्ध्या घरांतल्या सुना पलीकडच्या आणि लेकी पलीकडे दिलेल्या असतात. अशा मुलखात माणसे कामाला घ्यायची आणि पलीकडचा कागद दिसताच संशय घ्यायचा, हा अन्याय आहे. शिवाय त्या चुकीच्या उत्तरामुळे खरे कारण शोधण्याचा माझा वेळ वाया गेला तो वेगळाच.

खरे कारण सांगितले ते ऑर्डरी भरून देणाऱ्या इथल्याच दुकानातल्या देखरेख करणाऱ्या मुलाने. “ताई, परवाना ठीक आहे तुमचा. आधारवरचं आडनाव बाकीच्या दोन कागदांशी जुळत नाही, म्हणून यंत्रच परतवतंय,” असे तो मराठीत दोन वाक्यांत म्हणाला, आणि एवढी दोन वाक्ये मला पहिल्याच दिवशी मिळायला हवी होती.

त्यानंतर मी आधारला हात लावला नाही. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यामुळे कोणी ‘आधारच माहेरच्या नावावर परत करून घे’ असे सुचवले तरी घाई करू नये. विवाहाचा दाखला जोडून आधी पॅन दुरुस्त करून घेतले आणि वाहन परवान्यांच्या सरकारी सारथी पोर्टलवर परवान्याचे नाव व पत्ता एकाच अर्जात बदलून घेतला. गावात लग्न झाले असेल तर महाराष्ट्रात विवाहाची नोंद ग्रामपंचायतीत होते. माहेरी जाणे होईल तेव्हा दाखल्याच्या जादा प्रती आणून ठेवाव्यात. नवे कागद जोडल्यावर मात्र अर्ज विनातक्रार मंजूर झाला, आणि तेव्हा मला आनंदापेक्षा हायसेच अधिक वाटले.

कामाविषयी थोडेच सांगते. मुले गोव्यात किंवा पुण्यात आणि घरी वयस्क माणसे, अशी घरे इथे पुष्कळ आहेत. तांदूळ, तेल, पीठ दारात मिळाले की त्यांची मोठी सोय होते. नकाशावरची खूण बहुधा गल्लीच्या तोंडाशीच थांबते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून घराची खूण विचारावी. पावसाळ्यात इकडे पाऊस धो धो असतो. पिठाची आणि साखरेची पाकिटे कंपनीच्या बॅगेवर विसंबून न राहता वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळावीत.

कर्नाटकाने 2025 साली गिग कामगारांसाठी, म्हणजे आमच्यासारख्या अ‍ॅपवरून काम घेणाऱ्यांसाठी, कायदा केला आहे. त्यात कंपनीकडून प्रत्येक व्यवहारामागे कामगाराच्या मोबदल्याच्या 1 ते 5 टक्के कल्याण शुल्क घेण्याची, तसेच कामगाराला काढून टाकण्याआधी लेखी कारण आणि 14 दिवसांची पूर्वसूचना देण्याची तरतूद आहे. हे संरक्षण कामावर असलेल्यांना आहे. माझे म्हणणे असे की अर्ज अडवतानाही लेखी कारण देणे तितकेच बंधनकारक असावे, आणि ते अर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक स्वतःचा आणि चालू असावा. अनेक घरांत तो यजमानांचा किंवा दिरांचा असतो आणि ते कामावर गेले की ओटीपी त्यांच्याकडेच जातो. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी असलेल्या केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून कामगाराचा 12 अंकी क्रमांक घेतानाही हाच मोबाईल लागतो, म्हणून अर्ज भरायला बसण्याआधी हे काम उरकून घ्यावे.