खिळा नसतोच का? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, चीनमध्ये म्हणे एकही खिळा न ठोकता आख्खी देवळं बांधतात. खरंय का?" वास्तुकला शिकवायला लागले तेव्हापासून हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही पाठ सोडत नाही. व्हॉट्सॲपवर तसला व्हिडिओ फिरत असतो ना!

देवळांपुरतं उत्तर: नाही. खांब-तुळयांच्या जोडांत एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसतं, हे खरं. पण छपराच्या वाशांना खिळे लागतात, वळचणीची कौलं घसरू नयेत म्हणूनही लागतात. सन ११०३ च्या सोंग काळातल्या सरकारी बांधकाम-नियमावलीत कुठल्या कामाला किती खिळे, याचा चक्क हिशेब आहे.

मला खरं बोलायचं असतं ते पुलांबद्दल. फुजियान आणि झेजियांग या प्रांतांच्या डोंगराळ सीमेवर लाकडी कमानींचे पूल आहेत. शौनिंगमधल्या १८०० सालच्या एका पुलाची झेप ३७ मीटरांहून जास्त, आणि नदीत मधे एकही खांब नाही. लांब ओंडके आणि आडव्या तुळया एकमेकांच्या वरून-खालून जातात, टोपली विणावी तशा. वर्गात मी डझनभर पेन्सिलींचा असा छोटा पूल करून दाखवते. गोंद नाही, दोरा नाही. वरून दाबा, घट्ट होतो. खालून बोटाने उचला, टेबलभर पेन्सिली.

त्या पुलांवर कौलारू घर असतं, ते याचसाठी. पावसापासून लाकूड वाचतं हे झालंच, पण छपराचं वजन कमानीला दाबून धरतं. भीती असते ती खालून येणाऱ्या पाण्याची. सप्टेंबर २०१६ मध्ये मेरांती वादळाच्या पुरात ताइशून तालुक्यातले तीन जुने पूल वाहून गेले.

गावकरी नदीकाठाने खाली खाली शोधत गेले आणि बहुतेक मोठी लाकडं परत घेऊन आले. जोड सुटले होते, पण तुळया धड होत्या. तीच लाकडं जमतील तिथे वापरून २०१७ च्या अखेरीस तिन्ही पूल पुन्हा उभे राहिले. म्हणून "खिळा नाही" याचं मला कौतुक वाटतं ते जादू म्हणून नाही. जे सुटं होतं, ते पुन्हा जोडता येतं.

जोडणारे हात मात्र कमी उरले होते. २००९ साली युनेस्कोने ही कला तातडीने जपायच्या यादीत घातली, आणि ती पुन्हा सावरली म्हणून २०२४ मध्ये त्या यादीतून बाहेर काढली. तिथल्या मुख्य सुताराचं नावच त्याच्या शाईच्या दोरीवरून पडलेलं. आपलेही सुतार सूत मारूनच रेघ आखतात, आणि त्यांच्या नावात ते सूत आहेच. तिथले सुतार काम संपलं की त्याच शाईने तुळईवर आपलं नाव लिहीत. कुठल्या घराण्याने कुठला पूल बांधला, हे अभ्यासकांनी पुढे त्यावरूनच लावलं.

हल्ली पंगतीत कुणी विचारलं, की मी पर्समधून पेन्सिली काढते. जेवण जरा लांबतं.