मोडलेला प्लग आणि चौदाचे आटे

दुचाकीचा स्पार्क प्लग हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, मोडला की त्यानंतर एकही किक मारायची नाही. सेल्फ दाबायचा नाही. गाडी ढकलायची असेल तर न्यूट्रलमध्येच. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण बाकीचं काम बिघडलं तरी सावरता येतं. सिलिंडरला ओरखडे पडले की मात्र बोअरिंगशिवाय, म्हणजे तो आतून कोरून घेतल्याशिवाय, गत्यंतर नाही.

सगळा धोका प्लगच्या पांढऱ्या भागाचा असतो. आपण त्याला चिनीमाती म्हणतो, पण तो मुख्यतः ॲल्युमिनियम ऑक्साइडचा बनवलेला असतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये माझी नोकरीची वर्षं गेली. कडक केलेलं पोलाद घासायला आम्ही जी ग्राइंडिंग व्हील्स वापरायचो, त्यातली बरीचशी याच पदार्थाची. त्याचा खडा पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये सापडला तर काय होईल, हे ज्याने व्हीलवर काम केलंय त्याला लगेच कळेल. बरं, लोखंडाचा कीस चुंबकाने उचलता येतो. चिनीमाती चुंबकाला दाद देत नाही, आणि ॲल्युमिनियमही नाही.

पावसाळा संपल्यावर चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा टेम्पोत यामाहाची आर-एक्स १०० मोटारसायकल घालून माझ्याकडे आला. गाडी त्याच्या मामाची, खाडीच्या बाजूला पत्र्याखाली बरीच वर्षं उभी. प्लग सोडवताना वरचं षटकोनी डोकं पान्ह्यातच निघून आलं होतं. आट्यांची नळी हेडमध्ये तशीच, आणि तिच्यात चिनीमातीचं टोक.

"काका, मिस्त्री म्हणतोय हेडच बदला."

"अरे, पण आणणार कुठून? ही गाडी बनायची बंद झाली १९९६ साली."

बाजारात मिळतात तशी हेडं, पण मूळ हेड हाताशी असताना ते भंगारात घालणं मला पटत नाही. ठाण्यात अजून असे हात आहेत की ज्यांना हे काम जमतं. वागळेच्या कितीतरी शेडच्या जागी आता काचेच्या इमारती आल्या, तरी ती माणसं इथेच राहतात.

प्लग का अडकतो, ते आधी समजून घ्यायला हवं. हेड ॲल्युमिनियमचं, प्लगची नळी पोलादाची. दोन वेगळे धातू चिकटून बसलेले आणि मध्ये खारी ओल, म्हणजे बॅटरीच झाली. त्यात झिजतं ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आट्यांत दाटून बसते आणि प्लग जखडतो. या गाडीचा वॉशरही पार चपटा झालेला होता. म्हणजे कुणीतरी कधीकाळी प्लग जोर लावून आवळला होता.

आर-एक्स टू-स्ट्रोक गाडी. टू-स्ट्रोकचं एक बरं असतं, हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, चार नट काढले की हेड हातात. गॅस्केटचे पैसे वाचवायला काही जण हेड जागेवर ठेवूनच ड्रिल घालतात. ते करूच नये. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा सिलिंडरखालच्या क्रँककेसमधून वर येते, त्यामुळे पडलेला कण पोर्टमधून खाली उतरून थेट क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जाऊ शकतो. आम्ही हेड काढलं आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचं उघडं तोंड, स्वच्छ फडक्याने बंद केला.

टेबलावर हेड उलटं केल्यावर काम दिसायला लागतं. नळीच्या तोंडावरचा वाकडा इलेक्ट्रोड पकडीने तोडला. चिनीमाती आतून हलकेच ठोकून बाहेरच्या बाजूला काढली, कारण ती नळीतल्या कडेवर टेकलेली असते, उलट दिशेने येत नाही. मग आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल सोडलं आणि रात्रभर हात लावला नाही.

सकाळी तेल-पेट्रोलचा अंश पुसून हेड विजेच्या शेगडीवर तापवलं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. चौदा मिलिमीटरच्या भोकाला शंभर अंशांच्या वाढीवर साधारण पंधरा मायक्रॉनची सूट मिळते. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण भुकटीची पकड सुटायला तेवढी पुरते. गरम असतानाच कडेला मेणबत्ती टेकवली की मेण पातळ होऊन फटीत शिरतं. हे मला आमच्या जुन्या फोरमननी शिकवलं होतं.

नळी फिरवून काढायला आत ठोकायचा एक्स्ट्रॅक्टर चौकोनी लावला. पिळाचा लावला असता तर पातळ नळी आतून फुगून आणखी घट्ट बसली असती. शिवाय तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साधं ड्रिल त्याला भेदत नाही. नळी थोडी हलली आणि पुन्हा अडली. हाताला स्प्रिंगसारखं लवचीक लागायला लागलं की थांबायचं, पुढचा टप्पा मोडण्याचाच असतो.

मग हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घेतला, एका टोकाला फडकं गुंडाळलं, आणि नळीला आतून उभ्या चिरा पाडल्या. घाई अजिबात नाही. चिरेच्या तळाशी ॲल्युमिनियमची चमक दिसायला लागायच्या आत करवत थांबली पाहिजे. दोन चिरांमधली पट्टी बारीक छिनीने आत दुमडली आणि ताण गेला. बाकीची नळी पकडीने फिरवून निघाली. मुलगा इतका वेळ टॉर्च धरून उभा होता, त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

आटे साफ करायला १४ बाय १.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार, १४ मिलिमीटर व्यास आणि दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर), खाचांत ग्रीस भरून. हेड हातात असल्याचा फायदा असा की जिकडचे आटे शाबूत, तिकडून टॅप सुरू करता येतो. आटे गेलेच असते तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवावं लागलं असतं. इथे गरज पडली नाही.

फोर-स्ट्रोक गाडीचं हेड सहज निघत नाही. तिथे ग्रीस लावूनच टॅप फिरवा, बारीक नळीने व्हॅक्यूम करा आणि मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप घालून आत पाहिल्याशिवाय इंजिन फिरवू नका.

नवा प्लग आधी बोटांनी पूर्ण बसवायचा. तो अडला तर पान्हा उचलायचाच नाही, पुन्हा आटे बघायचे. बोटांनी टेकल्यावर नव्या वॉशरसाठी अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो. टॉर्क रेंच असेल तर ॲल्युमिनियम हेडमध्ये चौदा मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, दहा मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो.

सावरकर नगर, लोकमान्य नगर भागात कुणाचा प्लग असा मोडला असेल, तर हेडला छिनी लावण्याआधी खाली लिहून कळवा. टॅप आणि चौकोनी एक्स्ट्रॅक्टर दोन्ही माझ्याकडे आहेत, आणि बहुतेक दिवशी सकाळी मी घरीच असतो.