आमची वाटचाल: लालबागची लॅब

लालबागला लॅब काढली 1994 साली. कर्ज माझं, हात अप्पांचा. अप्पा म्हणजे परळच्या एका इस्पितळातून निवृत्त झालेले टेक्निशियन, नफ्यात निम्मे भागीदार. रक्ताची काच रंगवायचा लीशमन रंग विकतचा तयार त्यांना चालत नसे. पावडर मिथेनॉलमध्ये खलायची, बाटली मुरू द्यायची, बफर 6.8 चाच. बफर अल्कधर्मी झाला की सगळी काच निळी, आम्लाकडे गेला की लाल. मग ब्लास्ट, म्हणजे कच्ची रक्तपेशी, ओळखायचा कसा? कॅरिओटाइपची, म्हणजे गुणसूत्रं मांडून तपासायचीही, तीच तऱ्हा. मुंबईच्या पावसाळ्यात काचेवरचा थेंब लवकर सुकत नाही आणि गुणसूत्रं नको तितकी पांगतात. जून लागला की अप्पा काचा टेबल लॅम्पखाली वाळवायचे. नवीन लॅब काढणाऱ्यांनो, मशीन भाड्याने मिळतं. पैसा सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन लेन्सवर घाला.

साखर, थायरॉइड, सीबीसीवर पोट चाललं. नाव झालं ते ल्युकेमियामुळे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगामुळे, आणि त्याचं श्रेय गिरगावातल्या एका मुलांच्या डॉक्टरांना. फिक्कट पडलेलं पोर दिसलं की त्यांचा माणूस आमच्या दारात. एकदा डाउन सिंड्रोमच्या तान्ह्या बाळाचं रक्त आलं, काचभर ब्लास्ट. घरचे हबकले. डॉक्टरांनी केमो दिली नाही, बाळाकडे आणि काउंटकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं. काही आठवड्यांत ब्लास्ट आपसूक ओसरले. अशा बाळांत गाटा-1 हे जनुक बिघडलेलं असतं. बहुतेकांचं निवळतं, काहींना पुढे खरा ल्युकेमिया होतो, म्हणून तपासण्या सोडायच्या नसतात.

गाटा-1 सारखी, जनुकं चालू-बंद करणारी नियामक प्रथिनं म्हणजे आमच्या गिरणगावातले जॉबर, गिरणीतले मुकादम. स्वतः माग चालवत नाहीत, पण कुठला चालू आणि कुठला बंद ते त्यांच्या हातात. मज्जेतल्या मूळ पेशीत गाटा-1 वरचढ झालं तर ती तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्सच्या वाटेला लागते, पीयू-1 हे दुसरं नियामक वरचढ झालं तर पांढऱ्या. दोघं एकमेकांना दाबून धरतात. रंक्स-1 हे तिसरं नियामक नसेल तर गर्भात रक्ताच्या मूळ पेशीच तयार होत नाहीत. याच रंक्स-1 चा तुकडा गुणसूत्र 8 आणि 21 मधल्या तुकड्यांच्या अदलाबदलीत भलत्या जनुकाला चिकटतो. मग जी जनुकं चालू व्हायची ती बंद राहतात आणि पेशी पोरकट अवस्थेतच अडकते. ही अदलाबदल शिकागोच्या जनुकशास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी 1973 साली दाखवली. अप्पा ती आमच्या खोलीत, गुणसूत्रांवरचे पट्टे दिसावेत म्हणून ट्रिप्सिन मारलेल्या काचेवर दाखवायचे.

मधली वर्षं बरी गेली. मग समोरच्या इमारतीत एका मोठ्या साखळीचं सेंटर आलं. काचेचं दार, एसी, आणि डॉक्टरांना कट. आम्ही शिकवून तयार केलेली पोरं त्यांनी पगार वाढवून नेली. आमचे रोजचे सीबीसी तिकडे वळले, भाडं थकलं, मी कल्चरचा इन्क्युबेटर, म्हणजे पेशी वाढवायची उबदार पेटी, विकायला काढला. अप्पा म्हणाले, "ताई, फ्रीज विका, हा नको." गिरगावच्या डॉक्टरांनी नमुने थांबवले नाहीत, बिलंही आगाऊ दिली. हे मी विसरणार नाही, आणि कट घेऊन तिकडे गेलेल्यांनाही नाही.

त्याच वर्षी गिरगावच्या डॉक्टरांकडे एक कॉलेजातला मुलगा आला. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. नातेवाइकांनी आधी समोर तपासलं होतं. तिथला कागद: मशीनचे आकडे, "जीन पॅनेल प्रलंबित", म्हणजे जनुकांची तपासणी बाकी. काच कुणी पाहिलीच नव्हती! अप्पांनी भिंग लावलं. प्रोमायलोसाइट या कच्च्या पांढऱ्या पेशींमध्ये आउअर रॉडच्या, म्हणजे सुईसारख्या काड्यांच्या, मोळ्या. "ताई, फोन लावा. पंधरा-सतरा वाटतोय."

गुणसूत्र 15 आणि 17 च्या अदलाबदलीत रेटिनॉइक अ‍ॅसिडचा रिसेप्टर, तोही नियामकच, पीएमएल या दुसऱ्या प्रथिनाला जोडला जातो आणि पेशीचं प्रौढ होणं अडवून बसतो. धोका रक्तस्रावाचा, म्हणून जनुकाच्या रिपोर्टची वाट पाहायची नसते. नुसत्या संशयावर आट्रा, म्हणजे रेटिनॉइक अ‍ॅसिडचंच औषध, सुरू करतात. त्याने ती कडी सुटते, पेशी प्रौढ होतात. आर्सेनिक त्या जोडप्रथिनाचाच निकाल लावतं. मुलाला त्याच संध्याकाळी इस्पितळात आट्रा मिळालं. फिशने, म्हणजे गुणसूत्रांवर चमकती खूण लावून केलेल्या तपासणीने, निदान पक्कं झालं, मुलगा वाचला. समोरच्यांच्या माहितीपत्रकात ही केस पुढे "आमचे अचूक जनुकीय निदान" म्हणून छापून आली. त्यांचा रिपोर्ट तर आट्रा सुरू झाल्यावर कितीतरी दिवसांनी आला होता.

त्या केसनंतर मोठ्या इस्पितळांतले रक्तविकारवाले काचा पाठवायला लागले आणि भाडं फिटलं. इन्क्युबेटर अजून चालू आहे. डॉक्टरमंडळींना सांगणं: पीसीआरला, म्हणजे जनुकाच्या तपासणीला, जांभळ्या टोपीची नळी पाठवा. हिरवीतलं हेपॅरिन, रक्त गोठू न देणारं औषध, पीसीआर अडवतं; हिरवी कॅरिओटाइपसाठी, आणि ती गोठवू नका. नमुन्यासोबत दोन न रंगवलेल्या काचा हव्यातच. हल्ली समोरूनही अधूनमधून "जरा बघाल का" म्हणून नमुने येतात. टोपी बहुधा चुकीचीच असते.